पहिल्या वर्गातल्या सात बायका

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी कंबर अडतीस इंच होती. समोर टेप धरून उभ्या असलेल्या माझ्या मोठ्या जावेला मी म्हटलं, "छत्तीस धरा वहिनी. संक्रांतीपर्यंत दोन इंच उतरवते."

वहिनींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कपडा अंगाला शिवतात गो, संकल्पाला नाही."

मी ऐकलं नाही. माझे बरेचसे पराक्रम दुसऱ्याचं न ऐकल्यामुळे झालेले आहेत, आणि त्यांची भरपाई दर वेळी मीच केली असंही नाही.

झालं होतं असं. बहरीनमधल्या आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू जानेवारीत असतं. नुसतं हळदीकुंकू करून आता कुणाचं समाधान होत नाही, काहीतरी थीम लागते. आदल्या वर्षी नऊवारी झाली होती, त्याच्या आदल्या वर्षी राजस्थानी. या खेपेला आमच्या अध्यक्षीणबाई नुकत्याच क्रूझ करून आल्या होत्या. थंडीत इथल्या बंदराला पांढरीशुभ्र, सोसायटीच्या बिल्डिंगएवढी जहाजं लागतात, त्यातल्याच एकावरून. बाई मूळच्या पुण्याच्या, नवरा बँकेत वरच्या जागी. जहाजात एका भिंतीवर म्हणे जुने फोटो लावले होते, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आगबोटींतल्या पहिल्या वर्गाच्या बायकांचे. भल्यामोठ्या टोप्या, कोपरापर्यंत हातमोजे, मुठीत मावेल एवढी कंबर. संध्याकाळी जेवायला त्या मोठ्या जिन्यावरून खाली उतरायच्या आणि खाली बसलेले सगळे मान वर करून बघायचे. अध्यक्षीणबाईंनी ठरवलं की आपणही तसंच उतरायचं. एकीने शंका काढली की ती बुडालेली बोट म्हणजे हीच ना. बाई म्हणाल्या, आपली बुडणार नाही.

आता हे गाउन शिवणार कोण? बाजारातले शिंपी इथल्या बायकांचे काळे पायघोळ अबाये शिवतात, नाहीतर शाळेचे युनिफॉर्म. तेव्हा माझं तोंड उघडलं. आमच्या वहिनी आल्यात ना, म्हटलं, हा हा म्हणता शिवतील. दुसऱ्याच्या हाताने दान करायचं असलं की मी कर्णाला मागे टाकते.

वहिनी खरं तर विश्रांतीला आल्या होत्या. माझे थोरले दीर जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून कुडाळजवळच्या घरात, खिडकीशी मशीन लावून, त्या अख्ख्या पंचक्रोशीतल्या नवऱ्यामुलींचे ब्लाउज शिवत होत्या. व्हिजिट व्हिसावर तीन महिने आल्या, विमानात पहिल्यांदाच बसल्या. बुदैया गावातल्या आमच्या घरी चार दिवस झोपाळ्यावर बसून काढले आणि पाचव्या दिवशी मी त्यांच्यापुढे जुन्या फोटोंचे प्रिंट टाकले. वर उदारपणे म्हटलं, "सात जणी मंडळाच्या आणि आठव्या तुम्ही. तुमचाही एक शिवा."

त्या बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी? त्यांना चालेल?"

"न चालायला काय झालं? कुठल्या जमान्यात आहात?"

हे वाक्य मी फार ठसक्यात म्हटलं होतं. अजून आठवतं.

त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. माझी मुलगी ईसा टाउनच्या शाळेत नववीत, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. एरवी ती काकूशी 'हाय' आणि 'बाय' एवढंच बोलायची. आता दोघी टॅबवर डोकी लावून बसायला लागल्या. मुलगी इंग्रजी वाचून तोडक्यामोडक्या मराठीत सांगायची आणि वहिनी चित्र मोठं करून टिपा मोजायच्या. त्यांना काय काय कळलं होतं! सकाळी डेकवर फिरायचा पोशाख वेगळा, दुपारी खुर्चीत पाय पसरून बसायचा वेगळा, चहाचा सैल झगा वेगळा, रात्रीच्या जेवणाचा तर विचारूच नका. धुराड्याची काजळी तोंडावर येऊ नये म्हणून टोपीवरून जाळी. मखमल कुठे वापरायची, लेस कुठे, मागची घोळदार शेपूट जिना उतरताना कुठल्या हातावर घ्यायची, सगळं पाठ. माझा नवरा जेवताना म्हणाला, दिवसातून पाच वेळा कपडे बदलायच्या तर या बायका समुद्र कधी बघायच्या? वहिनी म्हणाल्या, "समुद्र बघायला थोड्याच जायच्या भावोजी? दिसायला जायच्या."

कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटच्या काड्या म्हणून त्यांनी नवऱ्याच्या साइटवरचे प्लास्टिकचे केबल टाय वापरले. टोप्या खजुराच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या, वर धूळ झटकायच्या झाडणीची पिसं. कापड आणायला आम्ही ईसा टाउनच्या बाजारात गेलो. तिथे पडद्याच्या कापडांत डाळिंबी मखमलीचा एक उरलेला तुकडा होता. वहिनींनी त्यावरून हात फिरवला, पुढे गेल्या, परत आल्या, पुन्हा हात फिरवला. नऊ वर्षांत त्यांनी अंगाला राखी, मोतिया आणि फिकट निळा याखेरीज रंग लावला नव्हता. कुणी मनाई केली नव्हती. कुणी लाल काही दिलंही नव्हतं. मी तो तुकडा उचलून काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, हा तुमचा. त्या दिवशी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की घरी येऊन मी दोन प्लेट शेवपुरी खाल्ली.

डाळिंबी गाउन त्यांनी सगळ्यांत शेवटी शिवला, आमचे सात झाल्यावर. बंद गळ्याचा, छातीवर बारीक चुण्या, बाह्यांना हाताने घातलेलं एकेक काज. एकदा दुपारी मी त्यांच्या खोलीत डोकावले तर त्या तो घालून आरशापुढे उभ्या होत्या. शेपूट डाव्या हातावर घेतलेली. मला बघून त्यांनी ती पटकन खाली सोडली आणि म्हणाल्या, "लांबी बघत होते."

कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी अध्यक्षीणबाईंचा फोन आला. आवाज अगदी साखरपाकातला. म्हणाल्या, तुमच्या जाऊबाईंनी कमाल केली हं, खरंच कमाल. मला स्वतःला काही नाही, तुम्ही मला ओळखता. पण हळदीकुंकवाचा कार्यक्रम आहे ना. काही जणींच्या सासवा आल्यात भारतातून. सात सवाष्णी उतरल्या आणि आठवी, म्हणजे, कसं दिसेल ते बघा. त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. मी त्यांचाच विचार करतेय.

माझी भिशी, माझ्या मैत्रिणी, माझा सुट्टीचा शुक्रवार, सगळं त्या मंडळात होतं. मी म्हटलं, हो ना, बरोबर आहे.

मग आम्ही दोघींनी मिळून तोडगा काढला. पहिल्या वर्गाच्या बाईबरोबर कपडे चढवायला-उतरवायला एक बाई असायची, नोकर. हुकं पाठीला, नाड्या पाठीला, एकटीने कपडे घालताच यायचे नाहीत. तर वहिनींना ती भूमिका द्यायची. मी घरी येऊन वहिनींना हे असं सांगितलं जणू बढतीचं पत्रच आणलंय. सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे, म्हटलं, तिच्याशिवाय या बायका खोलीतून बाहेरच पडू शकायच्या नाहीत.

वहिनी काज घालत होत्या. त्यांनी सुई थांबवली नाही. "तिला जिना उतरायला मिळतो?"

"मागून. सातजणी उतरल्या की."

"कशात?"

"काळ्यात. वर पांढरा एप्रन."

"बरं," वहिनी म्हणाल्या. दोन दिवसांत त्यांनी काळा झगा आणि एप्रन शिवला. एप्रनला इस्त्री करून घडी घातली. आणि चारच दिवसांत अध्यक्षीणबाईंचा मेसेज आला की स्टेजवर गर्दी होते, मेडची एंट्री कट करू, त्यांना आत ड्रेसिंगला ठेवू. हे मी वहिनींना सांगितलंसुद्धा नाही. म्हटलं, त्या दिवशी आपोआप कळेल.

मुलीला मात्र कळलं. तिने माझा फोन बघितला असावा. म्हणाली, "आई, दॅट्स मीन." मी तिला सांगितलं, मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नये, आणि बोलायचंच तर मराठीत बोलावं.

शुक्रवारी दुपारी हॉलवर पोचलो. मेकअपच्या खोलीत वहिनींनी आठ गाउन दांडीवर क्रमाने अडकवले. आठवा डाळिंबी, प्लास्टिकच्या कव्हरात. तो कशाला आणलात असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं कशाला आणलाय. सकाळी निघताना त्यांनी केसांचा तसा उंच अंबाडा घातला होता, फोटोतल्यासारखा, आणि तो बघून मी गाडीत रेडिओचा आवाज वाढवला होता.

त्यांनी एकेकीला कपडे चढवायला घेतले. गुडघे टेकून, तोंडात टाचण्या धरून. हात वर करा, श्वास सोडा, हलू नका. सहाजणी तयार झाल्या आणि खरंच, काय दिसत होत्या! हमद टाउनच्या राउंडअबाउटवर गाडी घासली म्हणून भर रस्त्यात भांडणारी आमची खजिनदार चक्क सरदारघराण्यातली वाटत होती. केबल टायमुळे कुणाला वाकता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या माना आपोआप ताठ.

सातवी मी. निळा गाउन. संकल्प काही उतरला नव्हता. संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्यांनी त्यात भरच घातली होती. वहिनींनी नाडी ओढली, गुडघा माझ्या कमरेला लावून ओढली. बाजूला माया म्हणून दीड बोट जादा कापड सोडलं होतं, तेही पुरलं नाही. मी जरा श्वास घेतला आणि पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत टरकन फाटली. सहाही सरदारणी हसल्या. मीही हसले. विनोदी बाई म्हणून माझी ख्याती आहे, ती मला सांभाळावी लागते.

अध्यक्षीणबाईंनी घड्याळ बघितलं, मग दांडीकडे बघितलं. "तो आहे की लाल."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी नाही म्हणायचं होतं. मी सहाजणींना उतरू दे म्हणायचं होतं, मी साडीत बसेन म्हणायचं होतं. माझी जागा सगळ्यांत पुढची होती. पहिली मी उतरणार होते.

"वहिनी, चालेल ना?" मी म्हटलं.

त्यांनी कव्हराची चेन उघडली. "अडतीसला बसणार नाही. उघडावा लागेल."

"मग उघडा ना. पटकन."

त्यांनी डाळिंबी गाउनच्या दोन्ही बाजू काखेपासून खालपर्यंत उसवल्या. माझ्या फाटक्या निळ्यातून दोन पट्ट्या कापल्या आणि त्या कुर्त्याच्या कळ्यांसारख्या आत घातल्या. मशीन नव्हतं. हाताने, मला उभं करून, माझ्या अंगावरच. पाठीची हुकं लागेनात तेव्हा पाठही शिवून टाकली. वीस मिनिटं त्या माझ्याभोवती फिरत होत्या. एक टाचणी माझ्या बरगडीला लागली आणि मी ओरडले, तर त्या म्हणाल्या, "लागली का गो? थांब," आणि बोटाने ती जागा चोळली. मुद्दाम टोचली असती तर मला बरं वाटलं असतं.

हॉलच्या स्टेजला चारच पायऱ्या आहेत. जहाजाचा जिना म्हणून त्यांना सोनेरी कागद चिकटवला होता. मी शेपूट डाव्या हातावर घेऊन उतरले. मी ते वहिनींचं बघून शिकले होते. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या सासवा, ज्यांचा एवढा धसका घेतला होता, त्याही टाळ्या वाजवत होत्या. बहुतेक त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मग अध्यक्षीणबाईंनी माइक घेऊन सजावट, साउंड, जेवण, पार्किंग, सगळ्यांचे आभार मानले. सर्वोत्कृष्ट वेशभूषा म्हणून मला स्टीलचा डबा मिळाला. माइक माझ्या हातात आला तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, कुठे शिवलात हो एवढा सुंदर?

मी म्हटलं, "घरीच."

"अगंबाई, तुम्हाला एवढं शिवता येतं?"

मी हसले. मान हलवली नाही, हो म्हटलं नाही. नुसती हसले, लाजल्यासारखी. आणखी टाळ्या झाल्या. मेकअपच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. दारात काळ्या झग्यात, पांढऱ्या एप्रनवर हात ठेवून वहिनी उभ्या होत्या. त्यांनी तो घातला होता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की एंट्री कट झाली. त्या बोलावण्याची वाट बघत होत्या.

हळदीकुंकू सुरू झालं. एक नवी मुलगी करंडा घेऊन रांगेने येत होती. दाराशी ती वहिनींपुढे क्षणभर घुटमळली, गळ्याकडे बघितलं आणि पुढच्या बाईकडे वळली. वहिनींनी तिला वाट करून देण्यासाठी एक पाऊल मागे घेतलं आणि दार लोटलं.

बाहेर जेवण मांडलं होतं. पुरणपोळीचा वास येत होता आणि मला त्या गाउनमध्ये बसता येत नव्हतं, घासही गिळता येत नव्हता. मी आत गेले. वहिनी एकट्या होत्या, सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करत होत्या. एप्रनची घडी बाजूला ठेवलेली.

"काढा आता हे," मी म्हटलं. "जीव चाललाय."

त्यांनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. "शिवलेलं आहे. उसवायला अर्धा तास तरी लागेल. टाका बारीक घातलाय."

"अर्धा तास? पोळ्या संपतील वहिनी."

"मग कापू?"

मला वाटतं त्या वेळी त्यांनी मला शेवटची एक संधी दिली होती. कात्री त्यांच्या हातात होती आणि त्या थांबल्या होत्या. उसवला असता तर बाजू पुन्हा शिवून तो त्यांच्या मापाचा झाला असता. मलाही ते कळत होतं, दीड महिना घरात तेच तर बघत होते मी.

"कापा," मी म्हटलं. "यल्ला, लवकर."

त्यांनी मला समोर वळवून गळ्यापासून सुरुवात केली. कात्री मखमलीतून फार हळू आवाज करत जाते. छातीवरच्या चुण्या, मग कंबर, मग खाली. केबल टाय आला की त्या दोन्ही हातांनी दाबायच्या. मी मोकळी झाले, सलवार-कमीज चढवला आणि जेवायला गेले. तीन पोळ्या खाल्ल्या. तूपही घेतलं.

त्यांच्यासाठी ताट घेऊन परत आले तर खोली रिकामी. त्या पार्किंगमध्ये, गाडीच्या मागच्या सीटवर माझ्या मुलीशेजारी बसल्या होत्या. मांडीवर बाकीच्या सहाजणींनी उतरवून दिलेले गाउन घड्या करून. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. सातवा, आठवा कुठे आहे असं मी विचारलं नाही. मेकअपच्या खोलीत उष्ट्या कागदी ताटांच्या काळ्या कचरापिशवीतून डाळिंबी टोक बाहेर आलेलं मी बघितलं होतं.

वहिनींचा व्हिसा आणखी पाच आठवडे होता. नवऱ्याने वाढवून घेऊ का विचारलं तर त्या म्हणाल्या, नको, उलट जरा आधीचं तिकीट बघा, आंब्याला मोहोर आलाय, फवारणी राहिलीय. बागेत आमची सहा झाडं आहेत. नवऱ्याला ते खरं वाटलं. मला हायसं वाटलं.

आता पुढचं सांगते आणि थांबते. त्या 'घरीच'ने माझा पिच्छा सोडला नाही. मंडळातल्या बायका माप द्यायला येऊ लागल्या. एकीच्या लेकीचं लग्न, एकीचं डोहाळजेवण, अध्यक्षीणबाईंना स्वतःला मखमलीचा ब्लाउज हवा. मला साधी बटणं लावता येत नाहीत, ती ड्रायव्हरच्या ओळखीतला शिंपी लावतो. शेवटी मी सांगायला लागले की मनगट दुखावलंय, डॉक्टरांनी शिवण बंद केलंय. गेली दोन वर्षं मंडळात जाताना मी उजव्या हाताला क्रेप बँडेज बांधते. सवय इतकी झालीय की कधीकधी घरी येऊन सोडायची राहते.

तशीच राहिली होती, तेव्हा कुडाळहून वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. गणपतीला येताय का विचारायला. त्यांनी स्क्रीनवर पट्टी बघितली आणि चेहरा एकदम जवळ आणला.

"हाताला काय गो झालं?"

मी म्हटलं, पडले. बाथरूममध्ये.

त्या खूप हळहळल्या. मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. जाडं मीठ कढईत गरम करायचं, सुती फडक्यात पोटली बांधायची, पोटली आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, चटका बसत नसेल तरच मनगटावर धरायची. दिवसातून दोनदा. फडकं जुनं घे, नवं नको, नव्याला पाणी लागलेलं नसतं. शिवणाच्या हाताला हे फार लागतं म्हणाल्या, त्या स्वतः रोज घेतात.

मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. पोटली किती वेळ ठेवायची, तेही विचारलं.